घंगाळ सांगितलं होतं

आक्काचं लग्न ठरलं तेव्हा मायनं आमच्या घराण्यात कुणी केली नव्हती अशी एक गोष्ट केली. कुणी काय आहेर आणायचा, ते तिनं ज्याला त्याला आधीच सांगून टाकलं.

आम्ही तेव्हा नांदेडला राहायचो. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते तहसील कचेरीत अहलकार होते. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि घरी आले की पगडी खुंटीला अडकवून गप्प बसायचे. आक्का थोरली. तिच्यामागची भावंडं जगली नाहीत, मग मी. त्यामुळं ती लग्नाची झाली तेव्हा मी परकरातच होते आणि दिवसभर तिच्या मागंमागं असायचे.

मायनं आहेर सांगायचं ठरवलं, त्याला कारण होतं. आदल्या वर्षी आमच्या चुलतबहिणीचं लग्न झालं होतं. त्यात ज्यानं त्यानं ताम्हन आणलं, न्हाई तर तांब्या. संसाराला लागणारं मोठं भांडं एकानंही दिलं नाही. तिकडं जर्मनीची लढाई चालू होती, तांब्यापितळेचा जिन्नस बाजारात दिसेनासा झाला होता. ती पोरगी सासरी गेली ती ताम्हनांची चळत घेऊन. सासूनं सगळ्या गल्लीला बोलावून ती चळत दाखवली म्हणे. मायच्या मनात ते बसलं होतं.

दादांना हे पटलं नव्हतं. ते म्हणाले, "आहेर काय सांगून घ्यायचा असतो? देणाऱ्याच्या मनात असंल ते घ्यावं."

"देणाऱ्याच्या मनात काय असतं ते मागच्या सालीच पाहिलं," माय म्हणाली. "लोकाला देयाचंच असतं, फक्त काय देयाचं ते कळत न्हाई. सांगितलं तर त्यांचाबी घोर जातो."

नायगावची मावशी बाजाराला आली तेव्हा मायनं तिला समई सांगितली. कंधारच्या काकांना तांब्याचा हंडा सांगितला. कुणाला परात, कुणाला पाटा-वरवंटा. कुणी रागावलं नाही. उलट मावशी म्हणाली, "बरं झालं बाई, माझा जीव हलका झाला."

मामाला मायनं घंगाळ सांगितलं.

मामा मायचा एकुलता एक धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळं मायनंच त्याला कडेवर वाढवलं होतं. तो हैदराबादेत रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. उंच, सडपातळ, बोलायला हळू. आदल्या वर्षी मामीच्या बाळंतपणाला आक्का त्यांच्याकडं जाऊन राहिली होती, आणि तिथं मामाच्या ध्यानात एक गोष्ट आली. आक्काला लांबचं दिसत नव्हतं.

घरात आमच्या कुणाच्या ते फारसं लक्षात आलं नव्हतं. घरातल्या घरात माणूस पायाच्या आवाजावरून ओळखू येतं. आक्का शिवण-टिपण छान करायची, तांदूळ निवडायची, पोथी डोळ्यांजवळ धरून वाचायची. माय म्हणायची, तिला तशी खोडच आहे. मामानं मात्र तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं काचा घालून बघितल्या. दवाखाना माडीवर होता. खिडकीतून समोरच्या गच्चीवर एक बाई केस विंचरताना दिसत होती, आणि तिच्या हातातली फणी लाल होती, असं आक्कानं मला परत आल्यावर सांगितलं. कितीदा तरी सांगितलं. "लाल होती गं. इतक्या लांबून."

मामा तिला पोचवायला आला तेव्हा मायशी बोलला. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते.

"ताई, पोरीला चष्मा लावावा लागतो. डॉक्टरनं नंबर काढून दिलाय."

मायनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "लातूरच्या लोकांशी बोलणं चालू हाय आणि तू चष्मा म्हणून राहिलास? चष्म्याची पोरगी कोण करंल?"

"तिला दिसत न्हाई, ताई."

"एवढी वर्षं दिसलंच की. लग्न होऊ दे. मग तिचा नवरा काय करायचं ते करंल. तू फक्त घंगाळ आण, चांगलं मोठं."

मामा म्हणाला, "बरं." एवढंच.

मायला दोष देणाऱ्यांनी तो काळ बघितलेला नाही. पुरुषानं चष्मा लावला तर तो शिकलेला. बाईनं लावला तर ती अधू. आमच्या आळीत एक मुलगी पायानं जराशी लंगडत होती, तिला शेवटी बिजवराला दिली. मायच्या डोळ्यासमोर रोज तीच असायची.

लातूरचे लोक बघायला आले तेव्हा आक्का मान खाली घालून बसली होती. तशी सगळ्याच पोरी बसतात. आक्काला तर वर बघूनही काही उपयोग नव्हता. तिच्या होणाऱ्या सासूनं जाताना मायला म्हटलं, "पोरगी लई मर्यादेची हाय. नजर वर करीत न्हाई." माय हसली. मग आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

लग्न आमच्या दारातच झालं. जेवणं उरकल्यावर, उन्हं जराशी कलली तेव्हा, आहेर सुरू झाला. आमच्याकडं आहेर पुकारतात. कंधारच्या काकांचा आवाज मोठा, म्हणून ते पुकारायला उभे राहिले. समई आली, हंडा आला, परात आली. एकेक वस्तू वर धरून काका नाव घेत आणि मंडपातल्या बायका माना डोलावत. आक्काची सासू पुढं बसून सगळं बघत होती. सांगितलेलं सगळं बरोबर आलं होतं. मायचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच जरा सैल झालेला मी पाहिला.

मग मामा आला. त्याच्या हातात घंगाळ नव्हतं. पिवळी अष्टपुत्री होती, मामानं नवरीला द्यायचं लुगडं, घडी केलेलं. ती तो सरळ आक्काच्या मांडीवर ठेवायला चालला होता. काकांनी मध्येच हात पुढं केला. त्यांना वाटलं, ही पण वर धरून दाखवावी. त्यांनी घडी उलगडली आणि आतून एक काळी डबी जाजमावर पडली.

काकांनी डबी उघडली. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मामाकडून अष्टपुत्री आणि चष्मा."

मंडपातली कुजबूज थांबली. आक्काची सासू म्हणाली, "चष्मा? कुणाला?"

आक्काची मान आणखी खाली गेली. मग माय बोलली. आवाज अगदी साधा होता. "माझ्या भावाचा हाय तो. त्याचाच. घाईघाईत लुगड्यात गुंडाळला गेला असंल. तो तसलाच हाय, त्याला कशाचं भान नसतं."

सगळ्यांनी मामाकडं बघितलं. मामानं मायकडं बघितलं. मला वाटलं, आता हा खरं बोलणार. त्यानं वाकून डबी उचलली, आतला चष्मा काढला आणि स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

"शोधून राहिलो होतो सकाळपासून," तो म्हणाला.

लोक हसले. लातूरकडचा एक म्हातारा म्हणाला, "मामासाहेब, घंगाळ तरी दिसलं का आता?" म्हणजे घंगाळ सांगितल्याचं त्यांच्यापर्यंतही गेलं होतं. लोक पुन्हा हसले, मामाही हसला. संध्याकाळी पाठवणीची वेळ होईस्तोवर त्यानं तो चष्मा काढला नाही. काढला असता तर मायचं बोलणं खोटं ठरलं असतं. मामाची नजर चांगली होती. त्या काचांतून त्याला काहीच धड दिसत नव्हतं. पायरीवर तो अडखळला, पाण्याचा तांब्या त्याच्या हातून सांडला, आणि डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. बायका म्हणाल्या, भाचीवर लई जीव हाय.

पाठवणीआधी स्वयंपाकघरात माय आणि मामा समोरासमोर आले. मी लाडवांची टोपली उचलायला आत गेले होते.

"घंगाळ सांगितलं होतं तुला," माय म्हणाली. "सांगितलं तेच आणलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"घंगाळानं अंघोळ होते, ताई. दिसत न्हाई."

"भर मंडपात?"

"मी तिच्या मांडीवर ठेवणार होतो. कुणाला कळलं नसतं."

"कळलं ना पण."

मामानं चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी मायच्या हातात दिली. "तुझ्याजवळ ठेव. तुला वाटंल तेव्हा दे." मग तो मागच्या दारानं बाहेर गेला. मायनं डबी ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी ठेवली. त्याच रात्रीच्या गाडीनं मामा हैदराबादेला गेला.

आक्काची पाठराखीण म्हणून मी लातूरला गेले. सासरचं घर मोठं, माणसं बरीच, पुढं आडत दुकान. आक्का चालताना माझं बोट धरायची. लोकांना वाटायचं, ती मला सांभाळते. खरं तर मीच तिला हळूच सांगायचे, "दारातून चुलतसासरे येऊन राहिले, पदर घे," किंवा "ती जिन्यावर उभी हाय ना, ती थोरली नणंद." मी तिथं होते तोवर सगळं ठीक चाललं. मग दादा मला न्यायला आले. मी मोटारीत बसताना आक्का दारात उभी होती. मी हात हलवला. तिनं हलवला नाही. ती माझ्याच दिशेनं बघत होती, पण मी कुठल्या खिडकीत आहे हे तिला दिसत नव्हतं.

पुढचं आम्हाला लोकांकडून कळत गेलं. आक्का देवळात गेली तर ओळखीच्या बायकांकडं न बघता पुढं निघून जायची. मोठी माणसं लांबून आली तर बसून राहायची. जवळ आल्यावर उठायची, पण तोवर ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटून गेलेलं असायचं. सासू म्हणू लागली, "वाटलं होतं मर्यादेची. ही तर गर्वाची निघाली." आक्कानं कुणाला काही सांगितलं नाही. मायनं तिला सांगू नको म्हणून बजावलं होतं.

वर्षानंतर कधीतरी दादांना कचेरीच्या कामानं औशाला जावं लागलं. येताना ते लातूरला उतरले. आक्का अंगणात डाळीला ऊन देत होती. दादा फाटकातून आत आले आणि पोरगी धावत येईल म्हणून उभे राहिले. आक्कानं मान वर केली, त्यांच्याकडं बघितलं, पदर पुढं ओढला आणि लगबगीनं आत गेली. आतून तिचा आवाज आला, "कुणी तरी गडीमाणूस आलंय, बघा हो."

दादांनी तिला हाक मारली तेव्हा ती बाहेर आली आणि त्यांच्या पायाशी बसून रडली. सासू म्हणाली, "बापालाबी वळखीना ही, आमची काय कथा."

दादा घरी आले ते न जेवता बसून राहिले. मायनं विचारलं, पोरगी कशी आहे. दादा म्हणाले, "तिनं मला वळखलं न्हाई." मग म्हणाले, "ती डबी कुठं हाय?"

मायनं ट्रंक उघडून डबी काढून दिली.

दादा पुन्हा लातूरला गेले. आधी दुकानात जाऊन आक्काच्या नवऱ्याला, आमच्या दाजींना, सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. दाजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी सांगायला पायजे होतं." मग ते दादांना घेऊन घरात आले आणि आक्काला चष्मा लावायला सांगितला. आक्कानं लावला. ती दादांकडं बघत राहिली. म्हणाली, "दादा, तुम्ही लई थकलात हो."

हे दादांनीच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना ते भिंतीकडं तोंड करून बसले होते.

चष्मा मिळाला म्हणजे सुटली, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मायला ज्याची भीती होती तेच झालं. सासूनं भर मंडपातला प्रसंग आठवून जोडून घेतला. "फसवून दिली," ती म्हणू लागली. "मामा नाटक करीत होता, आई खोटं बोलत होती, आन् आम्ही हसत होतो." हसलो याचाच तिला जास्त राग आला असावा. गर्वाची म्हणायची तोवर आक्का घरातली तरी होती. आता ती फसवून गळ्यात मारलेली झाली. पहिल्या बाळंतपणाला तिला नांदेडला पाठवलं. मुलगी झाली. तिकडून न्यायला कुणी आलं नाही.

आक्का आमच्याकडं राहिली. चष्मा लावायची, मुलीला न्हाऊमाखू घालायची. तिला आता सगळं दिसत होतं, आळीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात तेही.

मामा लग्नानंतर आमच्या घरी आलाच नाही. आक्काला परत पाठवल्याचं त्याला कळलं होतं, तरीही आला नाही. मायनं बोलावणं धाडलं नाही. ती म्हणायची, "त्याचा राग उतरंल तेव्हा येईल." भाऊबिजेला ती सकाळपासून फराळ काढून ठेवायची, पाट मांडायची. संध्याकाळ झाली की पाट उचलायची आणि तबक घेऊन अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्या बायकांना भाऊ नसतो त्या तसं करतात. मायला भाऊ होता.

मग मुलखात गडबड सुरू झाली. निजामाचं राज्य राहतं की जातं, याच्या बातम्या रोज नव्या यायच्या. शिकलेली घरं सीमेपलीकडं निघून गेली. मोटारी बंद झाल्या, रेल्वे कधी चालायची, कधी नाही. दादा कचेरीत जायचे आणि संध्याकाळी दारातूनच "आलो" म्हणायचे, म्हणजे मायच्या जिवात जीव यायचा. अशात एक दिवस स्टेशनातला एक ओळखीचा माणूस घरी आला. हैदराबादेहून आलेल्या गार्डानं त्याला निरोप दिला होता. मामाला विषमज्वर झाला होता. पंधरवडा आजारी होता. तो गेला होता, आणि दहावंही होऊन गेलं होतं.

माय परातीत पीठ मळत होती. तिनं निरोप ऐकला, त्या माणसाला पाणी द्यायला मला सांगितलं, आणि पुन्हा पीठ मळू लागली. ते पीठ मळून झालं होतं तरी ती मळतच राहिली. शेवटी आक्कानं तिचे हात धरून परातीतून बाहेर काढले. हैदराबादेला जायची सोय नव्हती. दादा स्टेशनवर जाऊन विचारून आले आणि नुसतीच मान हलवली.

राज्य गेलं, वाटा मोकळ्या झाल्या. दाजी एके दिवशी आपण होऊन आले. मधल्या दिवसांत त्यांचं दुकान लुटलं गेलं होतं, लग्नातली भांडीकुंडीही गेली होती. त्यांनी मुलीला पहिल्यांदा पाहिलं, मांडीवर घेतलं आणि आक्काला म्हणाले, "चल." आक्का गेली. सासूशी तिचं पुढंही फारसं जमलं नाही, पण सासूच्या शेवटच्या आजारात सगळं तिनंच केलं. चष्मा लावून केलं.

त्यानंतर मामी आली. लेकराला घेऊन, काही दिवस राहायला म्हणून. तिच्या कपाळाकडं मायला बघवत नव्हतं. दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मायनं खाली बघतच विचारलं, "माझ्यावर लई राग होता का त्याचा?"

मामी म्हणाली, "राग? न्हाई हो, वन्सं. ते म्हणायचे, ताईला कोणत्या तोंडानं भेटू? तिनं सांगितलेलं आणलं असतं तर पोरीचं सासर मोडलं नसतं. दर दिवाळीला तिकिटापर्यंत जायचे आन् परत यायचे."

माय तांदूळ निवडत राहिली. ती इतकी वर्षं समजत होती की तो रागावलाय. तो समजत होता की तिचं घर त्यानं बिघडवलं.

आता माझ्या नातवंडांच्या लग्नांत काय हवं ते आधीच कळवतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. घोर जातो देणाऱ्याचा, नायगावची मावशी म्हणाली होती ते खरंच आहे. मीही सांगितलेलंच देते. पण आक्काच्या लग्नात सांगितलेलं ज्यांनी आणलं त्यांच्यातल्या एकाचंही तोंड मला आठवत नाही, आणि मामा कुठं उभा होता ती जागासुद्धा आठवते. तो बरोबर होता का चूक, हे मला अजून सांगता येत नाही. चष्म्यानं आक्काला बाप दिसला आणि चष्म्यानंच तिचं घर काही वर्षं गेलं. घंगाळ आणलं असतं तर मायला भाऊ राहिला असता. दोन्हीकडून हिशोब मांडला तरी तो जुळत नाही.

मामीला पोचवायला माय हैदराबादेला गेली. मी बरोबर होते. मायनं ते शहर तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. स्टेशनवरून आम्ही टांगा केला. मामीचं घर एका अरुंद गल्लीत होतं, टांगा तोंडाशीच थांबला. मामी लेकराला घेऊन उतरली आणि म्हणाली, "या ना, वन्सं. त्यांची खोली तरी बघा."

माय म्हणाली, "तू हो पुढं."

मामी गल्लीत शिरली. माय टांग्यातच बसून राहिली. एका हातानं टांग्याची दांडी धरली होती, नजर त्या गल्लीकडं. मी उतरले, पुन्हा चढले. टांगेवाला म्हातारा होता. त्यानं बराच वेळ वाट पाहिली आणि मग मागं वळून विचारलं, "चलना क्या, अम्मा?"

माय म्हणाली, "थोडं थांब, बाबा." आणि तोंडाला पदर लावला.